इंजिन जमिनीला टेकवायचं नाही

गाडीच्या इंजिनातलं जुनं ऑइल मी काढलं आणि नवं टाकायला विसरलो.

हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं न अडखळता म्हणता येतं. सुरुवातीला मी जरा फिरवून सांगायचो. 'जुनी गाडी, किती दिवस चालणार, इंजिनच गेलं' वगैरे. पण जव्हारसारख्या गावात फिरवून सांगण्याचा उपयोग नसतो. ऑइलचा डबा मी ज्या दुकानातून आणला त्या दुकानदाराला डबा नेल्याचं आठवत होतं, आणि तो डबा सील न फोडता आमच्या ओट्यावर उभा आहे हे आईला माहीत होतं, कारण ती त्याला सूप टेकवून ठेवत होती.

वर मी विज्ञानाचा शिक्षक. नववीला घर्षण शिकवतो. वंगण नसेल तर काय होईल, हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि पोरं दरवर्षी बरोबर उत्तर देतात.

झालं ते असं. मे महिन्यातली सकाळ. गाडी म्हणजे आमची लाल रंगाची, पंचवीसएक वर्षांची छोटी चारचाकी. मी तिच्याखाली आडवा. खालचा बोल्ट काढला होता, काळं ऑइल घमेल्यात गळून संपलं होतं, बोल्ट मी परत घट्ट आवळला होता. तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "अहो, आली ऑर्डर."

बायको प्राथमिक शिक्षिका आहे. बदलीची ऑर्डर येणार हे माहीत होतं, कुठली येणार ते नव्हतं. मी तसाच बाहेर आलो, हात पुसले आणि तिच्या मोबाईलवर वाकलो. मोखाडा तालुक्यातली, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावरची शाळा. मग चहा झाला, शाळा नेमकी कुठे आहे याचा शोध झाला, दोघातिघांना फोन झाले. डबा ओट्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ती शाळा बघायला निघालो. मोखाड्याच्या रस्त्याला लागलो, वळणं सुरू झाली आणि गाडीचा आवाज बदलला. ऑइल कमी झालं की पुढे एक लाल दिवा लागतो. आमचा तो दिवा वायरीतल्या दोषामुळे दोन वर्षं सतत लागलेला असायचा, म्हणून मी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. पट्टीखाली तो बिचारा त्या दिवशी पहिल्यांदाच खरं बोलत होता. चढावर इंजिनाने करकर असा आवाज काढला आणि गाडी थांबली. नुसती बंद पडली नाही. आतून कुणीतरी दार लावून कडी घालावी तशी थांबली.

बायकोने विचारलं, "काय झालं?"

मला बोनेट उघडायचीही गरज पडली नाही. ओट्यावरचा डबा, त्याला टेकलेलं सूप, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "बघतो." हा शब्द माझ्यासारख्या माणसाला फार उपयोगी पडतो.

मागून एक जीप आली. बायकोने तिला हात केला, पदर खोचला आणि मला म्हणाली, "तुम्ही बघा. मी शाळा बघून येते." आणि गेली. मला आणि गाडीला दुपारी एका टेम्पोने दोरी लावून घरी ओढत आणलं. संध्याकाळी ती परत आली ती बातमी घेऊनच.

"शाळा छान आहे," ती म्हणाली. "एसटी सोडते तिथून पाच किलोमीटर चालत. खोली पण बघून आले."

"खोली कशाला?"

"गाडी नसेल तर राहावंच लागेल ना तिथं. या गुडघ्यावर रोज दहा किलोमीटर नाही व्हायचं माझ्याने."

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, पुसली आणि पुढच्या खोलीत दाराशी ठेवली. शाळा उघडायला तीन आठवडे होते. तोवर गाडी चालू झाली तर ती रोज जाऊन-येऊन करणार. नाही झाली तर पावसाळाभर तिकडेच राहणार आणि जमेल त्या रविवारी येणार. भांडण नाही, रुसवा नाही. पेटी दाराशी होती, आणि येता-जाता माझ्या पायाला लागत होती. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत. तिच्या बाळंतपणाचे दिवस सोडले तर आम्ही कधी आठवडाभरही वेगळे राहिलो नव्हतो. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. पेटी मात्र दोनदा सरकवून पाहिली.

मिस्त्रीकडे गेलो. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं गॅरेज आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मग गॅरेजातल्या दुसऱ्या माणसाला बोलावलं आणि मला म्हणाला, "सर, परत सांगा." मी परत सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

"ते इंजिन गेलं," मिस्त्री म्हणाला. "दुसरं टाका. भंगारात याच गाडीची चांगली इंजिनं मिळतात. पण माझ्याकडे लग्नाच्या जीपा लागल्यात, महिनाभर हात लावता येणार नाही."

"मी घरी बसवलं तर?"

त्याने हात पुसले. मग आत गेला आणि साखळी ओढून वजन उचलायची कप्पी घेऊन आला. "ही घेऊन जा. अडलं तर विचारा. आणि सर, ऑइल."

हा 'आणि सर, ऑइल' पुढे महिनाभर माझ्या मागे लागला. दूधवाला विचारायचा. शेजारचे निवृत्त तलाठी कुंपणावरून विचारायचे. आई तर जेवायला वाढताना विचारायची, "डाळ घेतलीस, भात घेतलास. ऑइल टाकलंस का?"

इंजिन नाशिकहून भाजीच्या टेम्पोतून आलं. टेम्पोवाल्याने ते मागच्या फळीवरून थेट आमच्या ओट्यावर सरकवलं, आईच्या सुपाच्या जागी. मला ते फार आवडलं. इतकी वर्षं गाडी चालवूनही इंजिन असं उघडं, चारी बाजूंनी फिरून बघता येईल असं मी कधी पाहिलं नव्हतं. गाडीत असताना ते वायरी आणि नळ्यांच्या जंजाळात दडलेलं असतं. ओट्यावर ते एखाद्या वासरासारखं दिसत होतं, एवढंसं. एवढ्याशा वस्तूने आम्हा घरच्यांना आणि तांदळाच्या पोत्यांना इतकी वर्षं घाट चढवला कसा, याचं मला खरंच कुतूहल वाटलं. मी त्याच्या पुढच्या बाजूचं, पट्टा चढवायचं चाक पान्याने फिरवून बघितलं. आत काहीतरी मऊ सुस्कारा टाकून फिरलं. मी ते दिवसातून चार-पाच वेळा फिरवून बघायला लागलो. आई म्हणाली, "जातं नाय ता. पीठ नाय पडायचं."

जुनं इंजिन सोडवायला मी एकटाच बसलो. सोडवणं सोपं असतं, हे मला माहीत होतं. कुठलं काय कुठे होतं हे लक्षात ठेवणं अवघड. म्हणून प्रत्येक वायरीला आणि नळीला खूण बांधायची ठरवली. घरात खुणा शोधताना बायकोचे पहिलीच्या वर्गाचे चित्रांचे पुठ्ठे सापडले. अननस, बदक, गाय, हत्ती. एकेका चित्राचे दोन-दोन पुठ्ठे होते. एक वायरीला बांधायचा, दुसरा ती जिथे जाते तिथे. मला ही युक्ती इतकी पसंत पडली की मी तिचा फोटो काढून शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. एकाने खाली लिहिलं, 'सर, ऑइल.'

आता उचलायचा प्रश्न. त्यासाठी आमच्या मूळ गावाहून, साखरशेतहून, माझा चुलतभाऊ आला. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. तो मला, मी नोकरीला लागल्यापासून, मास्तर म्हणतो, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेलं नाही. शिक्षण चौथी. भात आणि नागलीची शेती, आणि उन्हाळ्यात विहिरी खोदायचं काम. विहिरीतून मोठाले दगड वर काढण्यात त्याची हयात गेली. तो आपले तीन सोबती, चार सागाचे वासे आणि पेंढ्यांचे चार भारे घेऊन सकाळीच आला.

"पेंढा कशाला?" मी विचारलं.

"आज पाळलाय गावाने," दादा म्हणाला. "म्हणून तर मोकळे हाव सगळे."

पेरणीच्या आधी आमच्या गावात गावदेवाच्या नावाने एक दिवस पाळतात. त्या दिवशी नांगर नाही, कुदळ नाही. जमिनीला लोखंड लावायचं नाही. मला हे लहानपणापासून माहीत आहे, पण जव्हारात राहायला येऊन इतकी वर्षं झाली की दिवस विसरलो होतो. मी म्हणालो, "मग बरं झालं, शेतीचं काम नाही. चला, खड्डे खणू."

मी कागदावर आकृती काढून ठेवली होती. तीन वासे वरती एकत्र बांधायचे, खालचे तीन पाय दीड-दीड फुटांच्या खड्ड्यांत रोवायचे, वर कप्पी टांगायची. पहारसुद्धा आणून ठेवली होती.

चौघांनी पहारीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

"लोखंड नाय लावायचा," दादा म्हणाला.

"अरे पण हे जव्हार आहे. आपला गावदेव साखरशेतचा. त्याची हद्द इथवर येते का?"

"हद्द नाय येत," त्यातला एक जण म्हणाला. "पण आम्ही येतो ना हद्दीतून."

"आणि इंजिन काय लाकडाचं आहे?"

"उचलायला काय नाय. जमिनीला टेकवायचा नाय."

मी थोडा वाद घातला. मग लक्षात आलं की चारही जण माझा वाद संपण्याची फक्त वाट बघत उभे आहेत, गाय रवंथ करून संपवेपर्यंत थांबावं तसे. मी पहार भिंतीला उभी केली.

त्यांनी वासे उभे केले. खड्डा नाही, काही नाही. तीन पाय पसरवले आणि खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एका पायापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला असा काथ्याचा दोर ओढून बांधला. पाय बाहेर फाकू शकत नव्हते. दादाने स्वतः वरच्या जोडाला लोंबकळून दाखवलं. वाशांची ती तिपायी घोडी हलली नाही.

मी विचारलं, "आज खड्डे चालत नाहीत म्हणून ही युक्ती काढलीस?"

"कसले खड्डे?" तो म्हणाला. "आपल्याकडं वीतभर माती, खाली कातळ. विहिरीवर खड्डा कोण खणतोय? दोरच बांधतो आम्ही."

मी माझ्या आकृतीकडे पाहिलं. बळांचं संतुलन मी दहावीला शिकवतो. दोरातल्या ताणामुळे पाय बाहेर सरकत नाहीत, हे मी फळ्यावर बाण काढून सिद्ध करू शकतो. मला ते सुचलं मात्र नव्हतं. मी गुपचूप आकृतीत दोर काढला आणि कागद खिशात ठेवला.

साखळी ओढली तसं जुनं इंजिन करकरत वर आलं. चौघांनी गाडी मागे ढकलली आणि इंजिन एकटंच हवेत टांगलेलं राहिलं, हळूहळू गोल फिरत. आम्ही पाच जण त्याच्याकडे बघत उभे. आई दारात आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "यालाच तेल नाय मिळाला ना."

मग ते खाली उतरवलं, पण जमिनीवर नाही. पेंढ्याच्या जाड गादीवर. बाळंतिणीच्या खाटेसारखी गादी केली होती त्यांनी. नवं इंजिनही ओट्यावरून वाशाला बांधून, चौघांनी खांद्यावर घेऊन आणलं आणि दुसऱ्या गादीवर ठेवलं. पेंढ्याचा भुसा सगळीकडे उडत होता. दादाने नव्या इंजिनाभोवती फिरून त्याची भोकं बघितली.

"मास्तर, याची तोंडं बंद कर. भुसा जाईल आत. तीन दिसतात मना."

हे बरोबर होतं. मी घरात गेलो. पुढच्या खोलीत पेटीवर जुन्या सुती पातळाचं एक लांबट फडकं घडी घालून ठेवलेलं होतं, हिरवट, काठाला लाल रेघ. मी ते फाडून त्याचे तुकडे केले आणि इंजिनाच्या तीन तोंडांत एकेक बोळा बसवला. आणि मग मला आणखी एक गोष्ट सुचली, जी कुणी सांगितली नव्हती. गाडीत खाली धुराड्याची नळी होती, जी इंजिनाला जोडली जाते. तिचंही तोंड वर आ वासून उघडं होतं. भुसा तिच्यातही जाणार. मी चौथा तुकडा तिच्यात कोंबला. चांगला आत, अंगठ्याने दाबून. त्या क्षणी मला स्वतःच्या दूरदृष्टीचा फार अभिमान वाटला.

नवं इंजिन घोडीला टांगलं, गाडी पुढे ढकलली, इंजिन खाली सोडलं. आता ते गिअरबॉक्सला जोडायचं. गिअरबॉक्समधून एक दातेरी दांडा बाहेर येतो, तो इंजिनाच्या बाजूच्या गोल तबकडीतल्या दातेरी भोकात जायला हवा. तासभर आम्ही ढकलत होतो. बोटभर अंतर राहायचं आणि पुढे काही जाईना. मी मिस्त्रीला फोन केला. त्याने उचलला नाही. मी म्हणालो, बोल्ट लावून आवळून ओढून घेऊ.

"थांब," दादा म्हणाला. "ता चाक फिरव जरा. तुझी आई सांगत होती रोज फिरवतोस, तसा."

मी इंजिनाचं पुढचं चाक पान्याने हळूच फिरवलं, तो आणि बाकीचे मागून नुसता हात लावून होते. इंजिन खटकन आत गेलं आणि जागेवर बसलं.

"कसं कळलं तुला?"

"जात्याचा वरचा दगड मधल्या खुंटीवर कसा बसवतोस? दाबून? फिरवूनच ना," तो म्हणाला. "तुझ्या आईने सांगितला होता तुना, जातं नाय म्हणून. तिचा नको ऐकू."

संध्याकाळी चौघं पेंढा सोडून, वासे घेऊन गेले. जाताना दादा म्हणाला, शनिवारी येतो, चालू झालेली बघायला. पुढचे दोन दिवस मी आणि चित्रं. अननस अननसाला, गाय गायीला. एक बदक उरलं. त्याचा जोडीदार पेंढ्यात सापडला, तो ज्या नळीवरून सुटून पडला होता ती रेडिएटरची निघाली. इंजिनाच्या तोंडांतले बोळे मी काढले, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी स्वतःला शाबासकी दिली की विसरलो नाही. धुराडं जोडलं. पाणी भरलं. आणि ऑइल. ऑइल मी आईला साक्षीला बोलावून भरलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि डबा रिकामा होईपर्यंत उभी राहिली. मग शेजारच्या तलाठ्यांना कुंपणावरून सांगितलं, "टाकला त्याने."

शनिवार. सोमवारी शाळा उघडणार. बायको पेटीत सामान भरत होती, पण अर्धीच भरून थांबली होती. झाकण उघडं होतं. दादा आला होता. मी चावी फिरवली. इंजिन दोनदा घरघरलं आणि चालू झालं. असा आवाज की काय सांगू. मी खिडकीतून बाहेर बघून हसलो. चार सेकंदं गेली. इंजिनाचा श्वास कोंडल्यासारखा झाला, थडथडलं आणि बंद.

परत. चालू, चार सेकंदं, बंद.

दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो. मी पेट्रोल येतंय का पाहिलं, येत होतं. ठिणगी पडत होती. अननस आणि हत्ती दोनदा तपासले. मिस्त्रीने या वेळी फोन उचलला आणि म्हणाला, "चालू होतंय म्हणजे इंजिन चांगलं आहे, सर. काहीतरी अडवतंय त्याला." पण काय, ते फोनवर कळेना, आणि तो एका लग्नात होता.

आतून पेटीत काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग आणखी एक. ती परत भरायला लागली होती. मी रेंच खाली ठेवला आणि गाडीच्या दारात बसून राहिलो. दादा गाडीभोवती फिरत होता. त्याला इंजिनातलं काही कळत नाही, पण विहिरीवरच्या माणसाला एक सवय असते, हवा कुठून येते ते बघण्याची. त्याने मागे जाऊन उकिडवं बसून धुराड्याच्या तोंडापाशी तळहात धरला.

"मास्तर, चालू कर."

मी केलं. चार सेकंदं, बंद.

"इथं काय येत नाय," तो म्हणाला. "एवढा गुरगुरतो आणि फुंकर नाय?"

तेवढ्यात बायको दारात आली. हातात गादीची वळकटी, सुटलेली. "अहो, माझं ते हिरव्या पातळाचं फडकं कुठे आहे? पेटीवर ठेवलं होतं, वळकटी बांधायला."

मी म्हणालो, "ते जुनं होतं ना?"

"जुनंच होतं. बांधायलाच काढलं होतं. कुठे आहे?"

मी इंजिनाचं सांगितलं, भुशाचं सांगितलं. तुकडे दाखवले, ते मी नीट धुऊन कुंपणावर वाळत घातले होते. तिने ते कुंपणावरून काढले, एकेक हातात घेऊन पसरून पाहिले, काठ जुळवून लावले. ती पहिलीच्या पोरांना शिकवते त्याच आवाजात तिने विचारलं, "किती तुकडे केले होते?"

"चार."

"हे किती आहेत?"

मी कुंपणाकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे. दादा मागून म्हणाला, "मी तीनच सांगितली होती." आणि मग तो धुराड्याकडे बघायला लागला, आणि मीही.

नळी सोडवायला पाऊण तास लागला, कारण मी तिचे बोल्ट फार मन लावून आवळले होते. दादाने तारेचा आकडा करून आत घातला, फिरवला आणि ओढला. काळाठिक्कर, कडक झालेला बोळा बाहेर आला. एका टोकाला लाल रेघ अजून दिसत होती. आईने तो चिमट्यात धरून उचलला, उजेडात पाहिला आणि म्हणाली, "तेल टाकायला विसरलास, आणि हा टाकायला नाय विसरलास."

नळी जोडून चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. मी पाच मिनिटं बंदच केलं नाही. मागे दादा धुराड्यापाशी तळहात धरून बसला होता, शेकोटीपाशी बसावं तसा, आणि मान डोलवत होता. मला मात्र राहून राहून कुतूहल वाटत होतं की एवढंसं फडकं एवढ्या लोखंडाला गप्प कसं करतं. आत येणाऱ्या हवेचा विचार मी हजार वेळा केला होता. बाहेर जाणारीचा एकदाही नाही. पुढच्या सत्रात नववीला हे सांगायचं मी ठरवलं. कुणी बसवलं होतं ते सांगायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

रविवारी मी गाडी जामसरपर्यंत नेऊन आणली, दोनदा. चढावर नीट चढली. लाल दिव्यावरची पट्टी काढली, वायर दुरुस्त केली. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला.

सोमवारी सकाळी माझीही शाळा होती, त्यामुळे बायको एकटीच गाडी घेऊन जाणार होती. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे सगळ्यांना माहीत आहे. मी काच पुसली, पाणी पाहिलं, ऑइलची काडी काढून पाहिली, आई बघत होती म्हणून तिलाही दाखवली. चित्रांचे पुठ्ठे पुसून पिशवीत घालून दिले. हत्तीला काळे ठसे पडले होते, पण ओळखू येत होता. मला खूप बरं वाटत होतं. आता ती संध्याकाळी पाचला घरी येणार, उद्याही, परवाही.

तेवढ्यात ती आतून पेटी ओढत आली. भरलेली. वर वळकटी, काथ्याच्या दोराने बांधलेली. दादा घोडीचा दोर विसरून गेला होता. तिने डिकी उघडली आणि मला म्हणाली, "जरा हात लावा."

मी हात लावला. पेटी आत गेली, डिकी बंद झाली. तेव्हा मी म्हणालो, "अगं, गाडी झाली ना चालू. रोज येणारच आहेस. मग पेटी कशाला?"

ती बसली, आरसा सरळ केला, चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं. तिने काच खाली केली.

"गाडी चांगली आहे हो," ती म्हणाली. "पण इंजिन तुम्ही बसवलंय ना."